चोवीस पिकं

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधली एक मैत्रीण घरी आली होती. बाहेर भुरभुर चालू होती, गॅसवर चहा उकळत होता आणि जेवणाच्या टेबलावर माझा नेहमीचा पसारा मांडलेला होता. पाटीची जुनी लाकडी चौकट, तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर ओळीनं ठोकलेले बारीक खिळे, त्यांच्यावर ताणून बसवलेला सुती दोरा आणि अर्धंमुर्धं विणून झालेलं एक कोस्टर. तिनं चौकट उचलून उजेडात धरली, विणलेल्या भागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती रिलॅक्सिंग असेल ना गं हे! विणणं म्हणजे मेडिटेशनच." मी हो म्हणाले. समोरच्या खुर्चीत आण्णा, माझे वडील, बसले होते. डोळे दाखवायला इचलकरंजीहून आले होते. त्यांनी टेबलावरचं एक तयार कोस्टर उचललं, उलटं केलं, अंगठ्याच्या नखानं काठाजवळचा एक धागा जरासा वर काढला, दोन बोटांत धरून फिरवला आणि कोस्टर होतं तिथं ठेवून दिलं. बोलले काहीच नाहीत. चहा झाला, विषय पावसावर आणि तिथून ट्रॅफिकवर गेला, मैत्रीण जाताना दोन कोस्टर मागून घेऊन गेली.

तिचा तो शब्द मात्र माझ्या मनातून हलेना.

आण्णांनी उभा जन्म वहिफणी केली. इचलकरंजीबाहेरच्या कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे काय? सुताला खळ लावतात त्या कारखान्यातून, म्हणजे सायझिंगमधून, खळ लावलेल्या सुताचा बीम, म्हणजे मोठा रूळ, येतो. त्यावर चार-पाच हजार उभे धागे गुंडाळलेले असतात, आमच्याकडे त्यांना तार म्हणतात. माग चालू व्हायच्या आधी यातला प्रत्येक तार वहीच्या, म्हणजे तार वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घ्यावा लागतो. एकजण मागच्या बाजूला बसून तार निवडून पुढे देतो, दुसरा समोरून बारीक आकडा घालून तो ओढून घेतो. तार द्या, तार घ्या. पहिल्या वहीत एक, दुसऱ्या वहीत एक, तिसऱ्या वहीत एक, चौथ्या वहीत एक, परत पहिली. एखादा तार चुकीच्या डोळ्यात गेला तर कापडाच्या सगळ्या लांबीभर रेघ उमटते आणि शंभर मीटर पुढे गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं. म्हणून या कामात घाई चालत नाही आणि सावकाशीही चालत नाही, कारण तार भरून होईपर्यंत माग उभा असतो आणि उभ्या मागाचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. आण्णा पायजमा वर खोचून, पाठीचं पार धनुष्य करून, डोक्यावर लोंबणाऱ्या बल्बखाली बसायचे. डबा घेऊन गेले की मी त्यांच्या शेजारी उभी राहायची. आकडा आत जायचा, बाहेर यायचा. ते वर बघायचे नाहीत. बघितलं असतं तर मोजणी गेली असती.

आणि भोवती आवाज. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्याला पाठबळ दिलं, हे गावातल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. तेव्हापासून ते गाव थांबलेलं नाही. साधे माग जिथे चालतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाला आपटतो, त्या टोकाला आपटतो, मिनिटाला दीडशेच्या आसपास खेपा, आणि असे वीस-चोवीस माग एका छपराखाली, प्रत्येकाचा ठेका शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा. आमच्या घराची मागची भिंत आणि एका कारखान्याची भिंत एकच होती. फडताळातली भांडी दिवसरात्र बारीक किणकिणायची. आम्हाला ते ऐकू यायचं नाही, कारण आम्ही त्यातच जन्मलो होतो. ऐकू यायची ती शांतता, खंडेनवमीला. त्या दिवशी माग पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बंद ठेवायचे. त्या एका दिवशी गल्लीत चिमण्या असल्याचं कळायचं. वीज गेली तरी तेच व्हायचं, आणि अचानक आपलाच आवाज मोठा वाटून आम्ही मुलं कुजबुजत बोलायला लागायचो.

मागाला हात लावायचा नाही, हे आण्णांचं आम्हा भावंडांना एकच सांगणं. ते ओरडून सांगायचे नाहीत. धाकट्या भावानं एकदा रिकामा धोटा घरी खेळायला आणला, तर त्यांनी तो शांतपणे काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला. कारखान्यात धोट्यातली सुताची कांडी बदलताना कामगार धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं धागा बाहेर ओढायचे, ते मी कैकदा पाहिलंय. दिवसभरात किती वेळा, त्याला गणती नाही. तोंडात सुताचे तंतू, घशात खळीची पूड, आणि एकाच धोट्याला चार जणांची तोंडं. आण्णांना त्यांची मुलं त्या धोट्यापासून लांब हवी होती. तशी ती राहिलीही. भाऊ बँकेत लागला, मी पुण्यात आले, कॉम्प्युटरवर बसले. आमच्या पिढीत घरात एकही तार कुणी ओढला नाही.

मग मी पन्नाशीकडे झुकताना स्वतःहून खिळे ठोकून माग का मांडला?

सुरुवात माझ्या मावसबहिणीच्या मुलीमुळे झाली. त्या लोकांचं घर न्यू जर्सीत. सुट्टीत इथं आले तेव्हा त्या पोरीनं बॅगेतून एक चौकोनी माग काढला, चारही बाजूंना अठरा-अठरा दात, आणि रंगीत कड्यांची एक पिशवी. मोज्याच्या कापडाच्या कड्या असतात तशा, ताणल्या जाणाऱ्या. अर्ध्या कड्या उभ्या लावायच्या, उरलेल्या आकड्यानं एक सोडून एक विणत न्यायच्या, शेवटी चारही कडांवरून एका कडीतून दुसरी कडी ओढत किनार बंद करायची, की गरम भांडं धरायचं जाडसर चौकोनी फडकं तयार. शेवटची कडी उरते ती खुंटीला टांगायला. तिकडे आज्या-पणज्यांनी लहानपणी हेच केलेलं. १९३० च्या मंदीच्या दशकात मोज्यांच्या गिरण्यांतून निघणाऱ्या या टाकाऊ कड्या मुलांच्या हाती आल्या आणि त्यातून हा खेळ घरोघरी गेला, हे मला त्या पोरीच्या आईनं सांगितलं. गिरणीतला टाकाऊ माल, आणि लहान मुलाच्या हातातलं पहिलं विणकाम. ऐकताना मला आमच्या कारखान्यांच्या दारातल्या चिंध्यांच्या पोत्यांवर बसलेली मुलं आठवली. आम्हीही त्या चिंध्यांत खेळलो. पण आम्ही त्यात उड्या मारायचो आणि बाहुल्यांच्या उशा भरायचो. विणायचं कधी मनातही आलं नाही, कारण विणणं हे मोठ्या माणसांचं आणि दमल्या माणसांचं काम होतं.

पोरगी परत गेली आणि मी माळ्यावरून आमची पाटी काढली. दगडी पाटी कधीच फुटून गेली होती, चौकट शाबूत होती. सागवानी असावी, कारण खिळा ठोकताना चिरली नाही. एकेका पट्टीवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खुणा करून खिळे ठोकले, एका आड एक थोडे मागे-पुढे, म्हणजे लाकूड एकाच रेषेत फाटत नाही. उभा दोरा म्हणून पार्सल बांधायचा सुती दोरा घेतला. लोकर घेऊन बघितली, ती ताणावर लांब होते आणि शेवटी सगळं ढिलं पडतं. उभ्या धाग्याला ताण सोसता आला पाहिजे, त्याचं सौंदर्य नंतर. तयार कोस्टरमध्ये तो बहुतेक दिसतही नाही. आडवा धागा दिसतो, रंग त्याचा, पोत त्याचा, कौतुकही त्याचंच होतं.

आडव्या धाग्यासाठी मला इचलकरंजीचाच माल मिळाला. नवीन शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या, मागांवर कापडाच्या कडेला जास्तीची एक अरुंद पट्टी विणली जाते आणि मागच्या मागे कापून वेगळी केली जाते. मूळ काठ नीट राहावा म्हणून तिची सोय असते, कापडात ती जात नाही. दोन-चार उभे तार आणि त्यांना धरून दोन्हीकडे सुटलेली इवली इवली शेपटं, अशी लांबच लांब झालर मागाखालच्या डब्यात साठत जाते. पोत्यानं भंगारात जाते, मशीन पुसायला जाते. भावाच्या ओळखीतून मी एक पोतं मागवलं. घरात उघडलं आणि तो वास आला. खळ, तेल, कोरडं सूत आणि पत्र्याखालची ऊब, सगळं एकत्र. मी त्या पोत्याशेजारी फरशीवर बराच वेळ बसून राहिले. पुण्यात इतकी वर्षं काढून मी तो वास विसरले असेन असं मला वाटत होतं.

ती झालर दाभणात ओवायची आणि उभ्या दोऱ्यांतून न्यायची, एकावरून, एकाखालून. परत येताना उलट. प्रत्येक ओळ झाली की केसांच्या जुन्या कंगव्यानं खाली दाबायची. दाबताना शेपटं वर येतात आणि मखमलीसारखा नरम पृष्ठभाग तयार होतो, गारढोण पाण्याचा ग्लास ठेवला तर खाली सुटणारं पाणी लगेच शोषून घेतो. कोस्टरचं खरं काम तेवढंच. बाजारात गुळगुळीत, चकचकीत, वॉटरप्रूफ कोस्टर मिळतात. त्यांच्यावर पाण्याचं तळं साचतं, ग्लास उचलला की कोस्टर ग्लासाला चिकटून वर येतं आणि भलत्याच ठिकाणी टपकन पडतं. ज्या वस्तूनं पाणी प्यायला हवं ती वॉटरप्रूफ करण्यात काय हशील आहे, मला कळत नाही.

विणताना हात सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो तो कडेला. ओळ संपवून वळताना धागा जरा जास्त ओढला गेला की कडेचे दोरे आत सरकतात. एकेका ओळीत कळतही नाही, आणि निम्म्यावर येईतो कंबर बारीक झालेली असते. उपाय सोपा आहे. आडवा धागा सरळ रेषेत न ओढता कमानीत सोडायचा, म्हणजे दाबल्यावर त्याला वर-खाली जायला पुरेशी लांबी मिळते. धाग्याला सरळ जायचं नसतंच. तो प्रत्येक दोऱ्यापाशी चढतो नि उतरतो, आणि त्या चढउताराला लागणारी लांबी आधीच द्यावी लागते.

कोस्टरपेक्षा माझा जीव जास्त गुंतला तो भांडी धरायच्या फडक्यात. आमच्या घरी त्याला मसोतं म्हणत. जुन्या धोतराचं, लुगड्याचं, नंतर आण्णांच्या बनियनचं. आईच्या कमरेला नाहीतर खांद्यावर ते कायम असायचं. दूध उतू जाताना सांडशी शोधायला वेळ नसतो, मसोतं हाताशी असतं. मी आता तेच विणते. सुती बनियन खालून वर गोल गोल कापत गेलं की एकसलग लांब पट्टी निघते. ती हातानं ताणली की कडा आपोआप आत वळतात आणि जाड दोरीचा आकार येतो. हीच दोरी उभी आणि हीच आडवी. वीण घट्ट दाबून बसवायची, कारण सैल विणीच्या फटीतून बोट तव्याला लागतं. जाडी हवी, पण इतकीही नको की मुठीत कढईचा कान धरता येऊ नये.

इथं एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगते. कापड शुद्ध सुती पाहिजे. टी-शर्टच्या लेबलवर पॉलिएस्टर दिसलं की ते कोस्टरला चालेल, भांड्याला चालणार नाही. सूत तापलं तर करपतं, वास देतं, आपल्याला आधी कळतं. पॉलिएस्टर वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. दुसरं म्हणजे ओलं फडकं. कोरड्या कापडात धाग्याधाग्यात हवा अडकलेली असते, हाताला वाचवते ती हवा. कापड ओलं झालं की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता पोचवतं. वर त्याची वाफ होते ती वेगळीच. आईला यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं, पण ओल्या मसोत्यानं पातेलं उचलायला गेलं की ती लांबूनच ओरडायची. तिच्या मनगटावर एक जुना, गुळगुळीत, फिकट डाग आहे.

आईचा या सगळ्यातला जीव आण्णांपेक्षा वेगळा. ती खेड्यातली, जीवन शिक्षण मंदिरात शिकलेली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकायचा जो विचार मांडला, तो अशा शाळांतून तिच्यापर्यंत टकळीच्या रूपानं पोचला. पेळूतून सूत काढताना गाणी म्हणायचे, असं ती सांगते. कोण किती बारीक काढतो याची चढाओढ लागायची. तिच्यासाठी सूत म्हणजे शाळेतला मोकळा तास. त्याच सुतानं आण्णांचे डोळे अधू झाले. एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसून ही दोन माणसं सुताविषयी कधी बोलली असतील असं मला वाटत नाही. मी माझी चौकट आईला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिनं ती मांडीवर घेतली आणि न विचारता दोन ओळी विणल्या. नंतर म्हणाली, "मला चार मसोती करून दे. पांढरी नको, मळखाऊ रंगात कर."

आण्णांनी चौकटीला हात लावायला बराच काळ लावला. एकदा इचलकरंजीलाच मी ओसरीवर विणत बसले होते आणि आडवा धागा संपला. मी नेहमीसारखी गाठ मारली, मोठी आणि उंच. ते बघत होते. "हिकडं आण," म्हणाले. गाठ कापून टाकली. दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली एकावर एक फुलीत धरली, एका धाग्याचा लांब भाग अंगठ्यावरून वळवून मागे नेला, दुसऱ्याचं टोक वळशात खोचलं आणि ओढलं. गाठ बसली ती हाताला लागेना. फणीच्या दातातून सरकून जाईल एवढी बारीक, आणि ओढाल तितकी घट्ट होणारी. तार तुटला की आयुष्यभर त्यांनी हीच मारली. त्यांच्या नजरेला सुईचं भोक दिसत नाही, पण या गाठीला नजर लागतच नाही. "परत करून दाखवा," मी म्हटलं. त्यांनी दाखवली. "हळू." हळू त्यांना जमेना. हळू केलं की बोटं थांबून विचारात पडायची, आणि त्यांचं त्यांनाच पुढचं सुचायचं नाही. शेवटी मी मोबाइलवर त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि सावकाश चालवून शिकले. आता गाठी मारायची मशिनं आलीत, बीमची सगळी टोकं ते यंत्र एकामागून एक सांधत जातं. ते आल्यावर आण्णांच्या बरोबरीचे कितीतरी लोक घरी बसले. आण्णा म्हणतात, चांगलं झालं, पाठी वाचल्या. आणि मग जरा थांबून म्हणतात, पण पोरं काय करत्यात आता?

त्या दिवशी ओसरीवरच मी धीर करून विचारलं. मागे पुण्याला माझी मैत्रीण आली होती, ती विणण्याबद्दल बोलली, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. वाईट वाटलं का? आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण? ती चष्मावाली? काय म्हणाली ती?" त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. बाहेर पाऊस होता, गॅसवर चहा होता, आणि शेडमध्ये गेलेल्या वर्षांनी त्यांच्या कानातले बारीक आवाज कधीच नेलेले. "मी सूत बघत हुतो. पट्टी शटललेसची हाय ते कळलं. पण सूत तिसाचं का चाळिसाचं, तेवढं समजंना." आकडा वाढेल तसं सूत बारीक, हे त्यांनी सवयीनं परत एकदा मला सांगितलं.

मी त्यांच्या वतीनं जो शब्द इतके महिने बाळगला, तो त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. न जाण्याचं कारणही तो आवाजच.

मग मी त्यांच्या कानाशी जाऊन मैत्रिणीचं वाक्य सांगितलं. रिलॅक्सिंग म्हणजे काय तेही सांगितलं, मन शांत होतं असं. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. "बरोबर हाय की. याला माणूस दमतोय व्हय? किती पिकं हायती यात?" आडवा धागा एकदा या काठाकडून त्या काठाकडे गेला की एक पीक. मी नखानं मोजली. इंचाला सहा, चार इंचाचं कोस्टर, चोवीस. ते म्हणाले, थांब. पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं हिशोब मांडला. कामगाराला मजुरी मिळते ती पिकावर. धर, बावन्न पिकाचं कापड, म्हणजे इंचाला बावन्न. मीटरला एकोणचाळीस इंच आणि वर थोडं. झाली दोन हजारावर पिकं. मीटरला मजुरी धर एक रुपया. तर चोवीस पिकाला किती? भागाकार दोनदा तपासला. सव्वा पैसाही भरेना. "आणि तेबी पन्हा सोडून," ते म्हणाले. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. "तुझा पन्हा चार इंच. तिथं एक पीक पुऱ्या पन्ह्याचं जातंय." मी म्हटलं, मला या एका कोस्टरला तास लागतो. साध्या मागावर चोवीस पिकं पडायला दहा सेकंद लागतात. आण्णांनी पेन्सिल ठेवली आणि कोस्टरकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "मग ह्याला तू किती घेतीस?" मी आकडा सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. नंतर म्हणाले, "घे. कमी करू नको कुणाला."

मैत्रीण चुकीचं काही बोलली नव्हती. चौकट घेऊन बसलं की माझा श्वास खरोखर संथ होतो. दिवसभर स्क्रीनवर जे काही हलवलं त्यातलं एकही हाताला लागत नाही, इथं तासाभरानं चार इंच का होईना, वस्तू उरते. पण हे सुख धाग्यात असतं तर इचलकरंजीइतकं शांत गाव महाराष्ट्रात दुसरं नसतं. माझ्याकडे फक्त चोवीस पिकं आहेत आणि पंचविसावं विणायचं की नाही हे मी ठरवते, सुख तिथून येतं. मला हवं तेव्हा चौकट भिंतीला टेकवून उठता येतं. आण्णांना उठता येत नव्हतं. तेच काम, तीच वर-खाली, तीच बोटं, आणि उठायची मुभा एकाला आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून कुणी 'किती रिलॅक्सिंग' म्हटलं की मी आता नुसतं हो म्हणून सोडत नाही. हो म्हणते, आणि वहिफणी म्हणजे काय ते सांगते. काहींना त्याचा कंटाळा येतो. येऊ दे. हातानं विणलेल्या वस्तूची किंमत ऐकून "एवढे?" म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी घासाघीस करायची, तीही बंद केली आहे. तसंच, यंत्रमागावरचं कापड हातच्या विणीपेक्षा हलक्या प्रतीचं असतं असं कुणी म्हटलं तर तेही मला सहन होत नाही. आपल्या अंगावरच्या प्रत्येक सदऱ्याचा एकेक तार कधीतरी कुणीतरी डोळ्यात भरलेला आहे, नाहीतर गाठीनं सांधलेला आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली मुलं शिकायला येतात. लाकडी चौकटीच्या पाट्या आता सहज मिळत नाहीत, म्हणून जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून देते. खिळ्यांपेक्षा बरंच, कुणाला लागत नाही. विणायला बसवण्याआधी मी प्रत्येकाला घरून एक सुती रुमाल आणायला सांगते, एक भिंग देते आणि पट्टी ठेवून एका इंचातले उभे धागे मोजायला लावते. पोरं पंधरा-वीसपर्यंत जातात, हरवतात, पुन्हा पहिल्यापासून लागतात, टाचणी टोचून खूण करायची युक्ती कुणाला तरी सुचते. यावर्षी एका चौथीतल्या मुलानं सगळा इंच पुरा केला, मग रुमालाची रुंदी मोजली, गुणाकार केला आणि आलेल्या आकड्याकडे बघून म्हणाला, "हे सगळे एकेक करून कोण घालतं?" मी इचलकरंजीला व्हिडिओ कॉल लावला. आण्णा ओसरीवर होते. मुलं फोनभोवती गोळा झाली. बीमला किती तार, किती जण लागतात, चुकलं तर काय करता, असे प्रश्न सुरू झाले. प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागत होता आणि मुलांना त्यातच मजा येत होती. शेवटी त्याच मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कंटाळा नाही यायचा?" आण्णांनी कानामागे हात धरला. मग सगळ्यांनी मिळून एका सुरात ओरडून विचारलं.

"यायचा की!" आण्णा म्हणाले. "लई यायचा."